दोन बोटं

एकितेला मान खाली घालून चालतो.
शेळ्यांमागे लागलेली सवय,
आता तिचाच पगार मिळतो.
तुर्काना सरोवराच्या पश्चिमेला, लोकापेटच्या कोरड्या पात्रात,
ऊन चढायच्या आधी, तिरप्या उजेडात
दात चमकतात:
डुकराचे, पाणघोड्याचे, एकदा मगरीचा.
आणि तिथंच आज ओंजळभर पाणी हवं तर
उभा माणूस बुडेल एवढा खड्डा
वाळूत खणावा लागतो.

काठाच्या कापात राखेचा थर आहे,
पांढुरका, वीतभर जाड.
कुठल्या डोंगरानं ओकला, माहीत नाही.
नदीनं वाहून आणला की वाऱ्यानं,
यावर तंबूत रोज रात्री भांडण होतं,
चहात साखर विरघळेनाशी होईपर्यंत.
मी राख पिशवीत भरते, चिठ्ठी लावते.
माझ्या बोलीत राख म्हणजे जळून उरलेलं
आणि राख म्हणजे जप, सांभाळ.
एकितेलाला हे सांगितलं.
म्हणाला, तुमच्या लोकांना
एक शब्द कमी पडला वाटतं.

आठ महिन्यांनी प्रयोगशाळेचं पत्र आलं.
राखेतल्या बारीक खड्यांत कोंडलेला वायू मोजून
त्यांनी वय काढलं होतं:
सोळा लाख चाळीस हजार वर्षं,
वीस हजार इकडं किंवा तिकडं.
एकितेला हसतच सुटला.
खिशातून ओळखपत्र काढलं. जन्म, एक जानेवारी.
भावाचा एक जानेवारी, बायकोचा, चुलत सासऱ्याचाही.
नोंदणीच्या कारकुनानं अख्खी वस्ती
एकाच पहाटे जन्माला घातली होती.
"आई म्हणायची, लाल शेळ्या मेल्या
त्याच्या पुढच्या साली झालास.
माझंही धरा, इकडं किंवा तिकडं."

थराखाली गवत होतं.
दिसत नाही ते. डुकराच्या दाताच्या कवचात आहे,
किसून घेतलेल्या चिमटीभर भुकटीत.
मागूर माशाच्या डोक्याचं खरबरीत हाड,
वाळवीची भुयारं,
दगड झालेलं एक मूळ,
दगड होऊनही वाट काढत वाकडं गेलेलं.
नदी होती, संथ. काठाला झाडी.
असं आम्ही म्हणतो, आणि प्रत्येक वाक्यात "बहुधा" घालतो,
इतका की तो शब्दही आता
पात्रातल्या गोट्यासारखा गुळगुळीत झालाय.

भांडी घासायला अकुवाम चुलीतली राख घेते.
एकितेला विचारतो, नमुना क्रमांक किती?
ती उत्तर देत नाही.
तिच्या शेळ्या पांढऱ्या थरात खूर रोवून वर चढतात,
आम्ही ओरडतो, त्या थांबून आमच्याकडं बघतात.
एका दुपारी हात पुसत ती कापाशी आली.
गवत, नदी, डुकरं, सगळं ऐकून घेतलं.
मग विचारलं:
"राख पडल्यावर गवत परत कधी आलं?"

आम्ही वय विचारलं होतं, जाडी विचारली होती,
काचेच्या कणांचा आकारसुद्धा.
हे राहून गेलं होतं.

एकितेलानं ब्रश घेतला.
थराच्या वरच्या कडेपासून
मातीत वर सरकत गेला.
काही नाही.
काही नाही.
मग केसाएवढी पहिली मुळी, चुन्यानं भरलेली.
अकुवामनं मधल्या जागेत बोटं ठेवली.
दोन मावली.

"दोन बोटं म्हणजे किती वर्षं?"
सांगता येत नाही. एक पूरही एवढी माती टाकून जातो.
किंवा शंभर वर्षं लागतात.

"एका पुराची असेल
तर निम्म्या शेळ्या वाचल्या असत्या," ती म्हणाली,
"आणि शंभराची असेल तर—"
तेवढ्यात तिची करडी शेळी तंबूच्या दोरीत अडकली
आणि ती शिव्या देत तिकडं पळाली.

मी वहीत लिहिलं:
थराच्या वर कोरी माती, दोन बोटं.
मग कंसात, कारण आमच्यातल्या प्रत्येकाची बोटं वेगळी,
लिहिलं: अकुवामची.